काकूंना वाघाने मारले आणि मी वाघांच्या दवाखान्यात काम करतो

पत्राचा सारांश : पत्रलेखक २६ वर्षांचे असून चंद्रपूर जिल्ह्यातील जंगलाला लागून असलेल्या एका गावचे आहेत. पशुसंवर्धनाची दोन वर्षांची पदविका घेतल्यानंतर गेली तीन वर्षे ते एका प्राणिसंग्रहालयाच्या दवाखान्यात कंत्राटी पशुवैद्यकीय सहायक म्हणून काम करीत आहेत. त्यांच्या काकू एप्रिल महिन्यात पहाटे मोहफुले वेचायला गेल्या असताना वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. पुढे काही आठवड्यांनी त्याच भागात पकडलेली एक वाघीण त्यांच्या दवाखान्यात दाखल झाली आणि तिच्या मोडलेल्या सुळ्याच्या उपचारात मदत करण्याचे काम त्यांच्याकडे आले. गावी गेले की पानठेल्यावर लोक विचारतात, "ज्यानं तुह्या काकीले मारलं, त्यालेच मटन चारतं काय बे?" घरी आई-वडिलांचा आग्रह आहे की जिल्हा परिषदेच्या पशुधन पर्यवेक्षक भरतीची तयारी करावी, कारण सोयरीक घेऊन येणारा प्रत्येक जण "नोकरी पक्की आहे का?" हे पहिल्यांदा विचारतो. काकांनी या विषयावर आजवर एक शब्दही काढलेला नाही. पत्राच्या शेवटी ते लिहितात : "एकदा त्या वाघिणीसाठी इंजेक्शन भरताना माझा हात थांबला. मग मी मात्रा पुन्हा तपासली आणि भरले. पण हात थांबला हे खरे आहे. मी घरच्यांशी बेइमानी करतो आहे की त्या मुक्या जनावराशी? ही नोकरी सोडावी का?"

उत्तर :

प्रिय मित्र,

तुमच्या शेवटच्या ओळींपासूनच सुरुवात करतो, कारण तुम्ही स्वतःवर ठेवलेला सगळा ठपका त्या ओळींत आहे. हात थांबला, हे तुम्ही दोनदा लिहिले आहे. मात्रा पुन्हा तपासली, हे एकदाच लिहिले आहे, आणि तेही जाता जाता. मी स्वतः पूर्व विदर्भात पशुधन विकास अधिकारी म्हणून नोकरीची बरीच वर्षे काढली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगतो की माझ्या लेखी महत्त्व दुसऱ्या गोष्टीला आहे. घरातले माणूस गमावलेल्या मुलाच्या मनात अशा क्षणी राग उसळला नसता, तर मला अधिक काळजी वाटली असती. राग आला, हात थांबला, आणि त्यानंतर तुम्ही वहीतला वजनाचा आकडा पाहून मात्रा ताडली. रागाच्या भरात हातून चूक होऊ शकते, हे तुम्ही ओळखले आणि त्याच क्षणी त्यावर उपाय केला. ज्याला तुम्ही बेइमानी म्हणता, तो तुमच्या तीन वर्षांच्या कामातला बहुधा सर्वांत इमानदार क्षण होता.

आता एक प्रश्न विचारतो, तो जरा शांतपणे घ्या. ही वाघीण तीच आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले? तुमच्या पत्रात याला आधार म्हणून तालुका आणि तारीख एवढेच दिसते. वाघाची ओळख त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून पटते आणि दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात. त्यामुळे घटनास्थळाजवळच्या कॅमेरा ट्रॅपमधील, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यातील, छायाचित्रे आणि पकडलेल्या जनावराची छायाचित्रे जुळवून पाहतात, आणि जिथे शक्य असते तिथे घटनास्थळी मिळालेले केस किंवा लाळ यांची जनुकीय तपासणीही करतात. राज्यातील वाघांची संख्या २०१८ च्या गणनेत ३१२ होती, ती २०२२ च्या गणनेत ४४४ झाली, आणि त्यांतील फार मोठा वाटा तुमच्याच जिल्ह्यात आहे. एकाच रानात दोन-तीन वाघांचा वावर असणे तिकडे नवलाचे नाही. तेव्हा ती वाघीण तीच असू शकेल किंवा नसूही शकेल. हे शोधून काढा, असे मी म्हणत नाही. उलट, उत्तर कळल्याने तुमचे मन हलके होईल की अधिक जड, याचा विचार केल्याशिवाय विचारायला जाऊ नका. माझे म्हणणे एवढेच आहे की जी गोष्ट तुम्ही ठाऊक धरून चालला आहात, ती प्रत्यक्षात तुमच्या दुःखाने जुळवलेली आहे, आणि दुःख असे दुवे फार लवकर जुळवते.

गृहीत धरलेली दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. "गाव विचारते" असे तुम्ही लिहिता. पण विचारणारे पानठेल्यावरचे लोक आहेत. ज्यांची बायको गेली, त्या काकांनी एकदाही विचारलेले नाही, असे तुम्हीच सांगता. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ तुम्ही राग असा लावला आहे. तो राग असेलही. परंतु पुतण्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून एखादा माणूस गप्प राहतो, हेही मी आपल्या खेड्यांत अनेकदा पाहिले आहे. ज्याला विचारण्याचा हक्क आहे तो गप्प आहे आणि ज्यांना तो नाही ते बोलत आहेत, आणि तुम्ही मात्र उत्तर त्यांच्यासाठी शोधत बसला आहात. पानठेल्यावर उत्तर देण्याची तुमच्यावर कोणतीही जबाबदारी नाही. काकांशी बोलण्याची मात्र आहे, आणि त्याकडे मी शेवटी वळणार आहे.

आधी तुमच्या कामाविषयी बोलू, कारण तुम्ही स्वतःच त्याला "मटण चारणे" असे म्हणू लागला आहात, आणि ते मला पटलेले नाही. पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिले आहे की ती वाघीण आल्यानंतर तिसऱ्या दिवशी पाणी पिताना मान डावीकडे वळवत होती आणि मांसाचा तुकडा एकाच बाजूने चघळत होती. तुम्ही ते वहीत नोंदवले आणि डॉक्टरांना सांगितले. पुढे तिला भूल दिल्यावर उजवा सुळा मुळाजवळ मोडून पिकलेला निघाला. पिंजऱ्याच्या गजांना चावे घेऊन पकडलेल्या वाघांचे सुळे मोडतात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत असते, पण हिचा मोडला आहे हे तोंड न उघडता ओळखणे सोपे नसते. रानातले जनावर दुखणे लपवते. आजारी दिसणे म्हणजे सावज होणे, हे त्याच्या रक्तातच असते. घरची गाय आजारी पडली की रवंथ थांबवते, कान पाडते आणि मालकाकडे पाहते. वाघीण भिंतीकडे तोंड करून बसते आणि सगळे गेल्यावर पहाटे चार वाजता थोडेसे खाते. मांस किती घातले, किती उरले, पाणी किती प्यायली, लेंडी कशी होती, कोणता पाय आधी टेकवला, या साध्या नोंदींवर तिचे निदान उभे राहते. आठवड्यातला एक दिवस वाघांना उपाशी ठेवण्याची पद्धत आपल्या प्राणिसंग्रहालयांत आहे. त्यामुळे "आज खाल्ले नाही" या वाक्याचा अर्थ आज कोणता वार आहे यावरसुद्धा बदलतो, आणि ते लक्षात ठेवणारा माणूस तुमच्यासारखा असतो.

भूल दिल्यानंतरच्या तासाबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही, म्हणून इतर वाचकांसाठी मी लिहितो. वाघाला भूल देताना आपल्याकडे बहुधा झायलाझिन आणि केटामिन ही औषधे एकत्र वापरतात. केटामिनच्या अंमलाखाली जनावराचे डोळे उघडेच राहतात आणि पापणी मिटत नाही, म्हणून डोळ्यांत मलम घालून वर फडके बांधावे लागते. नाही तर बुबुळ कोरडे पडते. ठरावीक मिनिटांनी श्वास मोजायचा, नाडी पाहायची, गुदद्वारातून तापमान घ्यायचे. आपल्याकडच्या मे महिन्यात, जेव्हा नागपूर-चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा भूल दिलेल्या जनावराचे तापमान चढत जाणे हीच सर्वांत मोठी धास्ती असते. ओल्या फडक्याने पंजे आणि जांघा पुसत बसणारा सहायक त्या तासात डॉक्टरांइतकाच जागा असावा लागतो. डॉक्टरांचे लक्ष दातावर असते, श्वास मात्र सहायकाच्या कानावर सोपवलेला असतो.

अमेरिकेत या कामाला स्वतंत्र व्यवसायाचा दर्जा आहे. तिथे पशुवैद्यकीय तंत्रज्ञ मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करतात, परीक्षा देतात, बहुतेक राज्यांत परवाना किंवा नोंदणी घेतात, आणि प्राणिसंग्रहालयांतील तंत्रज्ञांची वेगळी संघटनाही आहे. आपल्याकडे असे स्वतंत्र पद जवळजवळ नाही. कुठे व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणारा, म्हणून, कुठे पशुधन पर्यवेक्षक म्हणून, कुठे प्रयोगशाळा सहायक म्हणून, तर कुठे निव्वळ कुशल कामगार म्हणून माणूस घेतात आणि काम तेच असते. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० नुसार पदविकाधारकाला राज्य शासनाच्या परवानगीने, नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवाच देता येतात. हे बंधन तुम्हाला कमीपणाचे वाटते, असे पत्रावरून जाणवले. मला ते तुमचे संरक्षण वाटते. "डॉक्टर नाहीत, तूच देऊन टाक" असे कोणी म्हणाले, तर नकार देण्याचा तुमचा आधार हेच कलम आहे. वाघाला भूल देण्याचा निर्णय तुमचा नाही आणि तो कोणी तुमच्यावर ढकलूही नये.

मी हे जे सांगतो आहे ते मला सुरुवातीपासून ठाऊक नव्हते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका दुपारी गावकऱ्यांनी विहिरीतून काढलेले चितळ बैलबंडीत घालून दवाखान्यात आणले. अंगावर खरचटल्यापलीकडे जखम नव्हती. सभोवती पन्नास-साठ माणसे, पोरे शिंगांना हात लावताहेत, कोणी डोक्यावर पाणी ओततो आहे, कोणी तोंडात पाणी घालू पाहतो आहे, आणि सगळेच मदत करताहेत. मी सलाईन लावण्याच्या तयारीत असताना ते ताठरले आणि अर्ध्या तासात गेले. धरपकडीच्या भीतीने आणि धडपडीने हरणांचे स्नायू आतून खराब होतात आणि ती दगावतात, हे मी पुस्तकात वाचले होते, पण डोळ्यांसमोर घडताना ओळखले नाही. त्या दिवशी माझ्याजवळ तुमच्यासारखा एखादा सहायक असता, तर त्याने औषधाच्याही आधी चितळाच्या डोळ्यांवर फडके टाकले असते आणि माणसांना फाटकाबाहेर काढले असते. पुढच्या वेळी आम्ही तेच केले. म्हणून तुमच्या कामाला मी सेवा किंवा चाकरी म्हणत नाही. ते एक कसब आहे, आणि फार थोड्या हातांत आहे.

तरीही, ज्या वाघाने माणूस मारला त्याच्यासाठी हे कसब का खर्च करायचे, हा प्रश्न उरतोच, आणि तो पानठेल्यावर विचारला गेला म्हणून खोटा ठरत नाही. मी त्याकडे असे पाहतो. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला वाघाचे ओझे आले आहे आणि त्याचे कौतुक दूरच्या शहरांत होते. या अन्यायाबद्दल तुमच्या गावाला राग असणे रास्त आहे. पण वाघ धोकादायक झाला, तर त्याला गावाजवळून हलवण्याचा मार्ग खुला राहतो तो एकाच अटीवर, की पकडून नेलेल्या वाघाला ठेवायला जागा असेल आणि तिथे तो नीट जगेल. ती जागा नसेल किंवा तिथे वाघ सडत असतील, तर पकडण्याचा निर्णयच लांबणीवर पडत जाईल, आणि मग उरतात बंदूक आणि मेलेल्या गायीच्या अंगावर टाकलेले विष, ज्याने वाघाबरोबर गावची कुत्रीही मरतात आणि त्यानंतर पोलीस गावातल्याच कोणाला तरी घेऊन जातात. ती वाघीण तुमच्या पिंजऱ्यात आहे, म्हणूनच पुढच्या एप्रिलमध्ये त्या मोहाच्या झाडाखाली ती नसेल. तिचे रान कायमचे सुटले आहे, ती पुन्हा तिकडे जाणार नाही. तिला मांस आणि औषध देणे हे तिच्या कृत्याचे बक्षीस नव्हे. आपण तिला डांबले, म्हणून तिच्या पोटापाण्याची आणि दुखण्याची जबाबदारी आपल्यावर आली, आणि ती जबाबदारी आपल्या सर्वांच्या वतीने तुम्ही उचलत आहात.

हे सगळे पटले, तरी त्याच वाघिणीची शुश्रूषा तुम्हीच करायला हवी, असे मुळीच नाही. माणसांच्या दवाखान्यातही डॉक्टर आपल्या घरच्या माणसावर शस्त्रक्रिया करायचे टाळतात, कारण मन गुंतले की हाताचा भरवसा राहत नाही. तुमच्या डॉक्टरांना सगळी हकिकत सांगा. तुम्ही ती अजून सांगितलेली नाही, हे वाचून मला वाईट वाटले. "साहेब, माझी काकू अशी गेली, काही महिने मला दुसऱ्या विभागात द्या," एवढे वाक्य पुरे आहे. हरणांच्या विभागात, प्रयोगशाळेत किंवा नव्या प्राण्यांच्या विलगीकरण कक्षात तुमच्यासारख्याची गरज असतेच. आणि डॉक्टरांनी मानले नाही, तर निदान त्या वाघिणीची मात्रा भरताना दुसऱ्याने मोजून पाहावी आणि नोंदीवर दोघांच्या सह्या असाव्यात, एवढी मागणी करा. ती खरे तर सगळ्याच पिंजऱ्यांसाठी असायला हवी.

आता नोकरीबद्दल. इथे मी तुमच्या आई-वडिलांच्या बाजूचा आहे, मात्र त्यांच्या कारणासाठी नाही. अकरा महिन्यांचे कंत्राट आणि वाघाचा पिंजरा ही जोडी मला मान्य नाही. ज्या कामात एक कुलूप उघडे राहिले तर जीव जाऊ शकतो, ते काम करणाऱ्याला पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही हे ठाऊक नसणे चुकीचे आहे, आणि तुमची कामावरची माया हा त्याचा मोबदला होऊ शकत नाही. "मला पगारासाठी नाही, प्राण्यांसाठी काम करायचे आहे," असे तुम्ही लिहिता. हे वाक्य मनात असू द्या, पण कंत्राटदारासमोर उच्चारू नका.

त्याऐवजी पुढील गोष्टी विचारून घ्या. भविष्य निर्वाह निधीचा तुमचा खाते क्रमांक चालू आहे का आणि त्यात दरमहा रक्कम जमा होते का, हे मोबाइलवरही पाहता येते. दरमहा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजनेचा लाभ तुम्हाला लागू होतो का, याची चौकशी करा. बँकेतून वर्षाला २० रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा २ लाखांचा अपघात विमा घेतला नसेल तर याच आठवड्यात घ्या. तो पुरेसा नाही, पण नसण्यापेक्षा बरा. रेबीजची लस चावा बसण्याआधीही घेता येते आणि तुमच्या कामात ती घेतलेलीच असावी. क्षयरोगाची तपासणी वेळोवेळी करून घ्या, कारण हा रोग माणसाकडून प्राण्याला आणि प्राण्याकडून माणसाला होऊ शकतो. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नका. वासरांना ब्रुसेलोसिस या गाभ पाडणाऱ्या रोगाची, जिवंत जंतूंची एस-१९ लस देताना स्वतःलाच सुई टोचून घेतलेला आणि नंतर कित्येक महिने ताप व सांधेदुखीने बेजार झालेला एक सहकारी मी जवळून पाहिला आहे. शवविच्छेदनाला उभे राहताना हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा मिळाला नाही, तर तो मागा. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा वन्यजीव बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले, तेव्हा भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. वाघ-बिबट्यांपर्यंत पोहोचलेला विषाणू त्यांच्या जवळ काम करणाऱ्या माणसांपासून फार लांब नसतो, हे त्या बातमीतून प्रत्येक प्राणिसंग्रहालयाच्या कर्मचाऱ्याने लक्षात घ्यायला हवे.

आणि एक कागद मिळवाच. तुम्ही तीन वर्षांत काय काय केले, भूल देताना किती वेळा मदत केली, रक्ताचे नमुने कसे हाताळले, विलगीकरणाच्या नोंदी कशा ठेवल्या, हे सगळे नमूद केलेला, डॉक्टरांच्या सहीचा अनुभवाचा दाखला. कंत्राटदाराचा दाखला तुम्हाला नुसता मजूर म्हणेल. कंत्राट संपल्यावर हा कागद मिळवायला फार हेलपाटे घालावे लागतात, म्हणून नोकरीत असतानाच मागा.

भरतीची परीक्षा तुम्ही द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांपर्यंत आणि मागास प्रवर्गांना ४३ वर्षांपर्यंत मुभा असल्याने वयाची घाई नाही, परंतु भरती दरवर्षी निघत नाही आणि निघाली तरी रडतखडत पुढे सरकते, तेव्हा अर्ज चुकवू नका. अर्ज भरणे म्हणजे नोकरी सोडणे नव्हे. परीक्षा होईल, निकाल लागेल, कागदपत्रांची पडताळणी होईल. तोवर आहात तिथेच काम करा. आपल्याकडे प्राणिसंग्रहालये आणि वन्यजीव उपचार केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. नागपुरात १८९४ पासूनचे महाराजबाग आहे, २६ जानेवारी २०२१ रोजी खुले झालेले गोरेवाडा आहे, सेमिनरी हिल्सवरचे, जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, आणि चंद्रपुरात वन्यजीव उपचार केंद्र आहे. त्यांतल्या कायम जागा त्याहून कमी. त्या जागेची वाट पाहत तारुण्य घालवा, असे मी कोणालाच सांगणार नाही. पशुवैद्यकाची पदवी घ्यावी का, असेही तुम्ही ओझरते विचारले आहे. त्यासाठी बारावीला जीवशास्त्र, नीट परीक्षा आणि त्यापुढे साडेपाच वर्षे लागतात. घरची स्थिती तुम्ही जशी सांगता, त्यात हा मार्ग मला आज तरी व्यवहार्य वाटत नाही.

गावातल्या दवाखान्यात गेलो तर "वाघ सोडून ढोरांकडे आलो" असे होईल, ही तुमची खंत आहे. इथे मात्र मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे. गिधाडे आपल्या आकाशातून गेली, त्याचे प्रमुख कारण ढोरांना टोचलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक होते. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, पण माणसांसाठीची कुपी आजही मेडिकलमध्ये मिळते, आणि लंगडणाऱ्या बैलाला ती टोचायची की गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम द्यायचे, हे गावच्या दवाखान्यातला माणूस ठरवतो. गीरच्या जंगलात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात २३ सिंह मेले, तेव्हा त्यांतील काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपर आढळला, आणि हा रोग कुत्र्यांत सर्रास असतो. बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावची कुत्री आणि गुरे लसवलेली असणे ही जंगलाची पहिली राखण आहे. लाळ्या-खुरकूताची लस शासन फुकट देते, पण ती प्रत्येक गोठ्यापर्यंत पोहोचवायला कोणीतरी चिखलातून जावे लागते. आणि वाघाने गाय मारली, की ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवा, मृत जनावर हलवू नका, पंचनाम्याच्या वेळी हजर राहा, हे रडवेल्या शेतकऱ्याला शांतपणे सांगणारा माणूस गावात असला, तर भरपाई मिळण्याची शक्यता वाढते आणि विषाची बाटली उघडण्याची कमी होते. वाघाच्या दवाखान्यात तीन वर्षे काढलेला पशुधन पर्यवेक्षक सिंदेवाही, नागभीड किंवा ब्रह्मपुरी तालुक्यात असणे ही मला त्या भागासाठी मोठी गोष्ट वाटते. पोस्टिंगचा पर्याय मिळाला, तर जंगलाकाठचाच दवाखाना मागा. बहुतेक जण तो टाळतात.

अनेक तरुण वाचकांनी मला यापूर्वी विचारले आहे की प्राणिसंग्रहालयात काम कसे मिळेल. मोबाइलवर वाघाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून हे काम हवेसे वाटते. त्यांना सांगतो, तशी वेळ क्वचित येते, आणि ती आली म्हणजे कुठेतरी त्या बछड्याची आई मेलेली किंवा हरवलेली असते. उरलेले दिवस पिंजऱ्याची कुलपे दोनदा तपासण्यात, विष्ठेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात, उन्हाळ्यात कूलर आणि हिरव्या जाळ्या लावण्यात आणि वह्या भरण्यात जातात. ज्या वन्य प्राण्याची शुश्रूषा करायची, त्याने आपल्याला ओळखून जवळ यावे, अशी इच्छा मनात असेल तर या वाटेला येऊ नका. जवळ न आलेला प्राणी हीच इथली चांगली नोंद असते.

आता काका. तुमची रजा कधी आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण मोहफुलांच्या दिवसांत गावी असाल असे पाहा. त्या दिवसांत त्यांच्या मनावर काय ओझे असेल, हे मी सांगायला नको. आपल्याकडची बापे मंडळी समोरासमोर बसून दुःखाबद्दल बोलत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. परंतु काकांची गाय गाभण असल्याचे तुम्ही सहज लिहून गेला आहात. तिला पाहायला जा. पोटाला हात लावा, कास उतरली का पाहा, शेवटच्या दिवसांतला चारा-पाणी त्यांना सांगा. गोठ्यात दोघे असताना, त्यांच्याकडे न पाहता, हात गायीच्या पाठीवर असतानाच म्हणा, "काकाजी, मी तिथं वाघाच्या दवाखान्यात काम करतो, तुम्हाला त्याचं काय वाटतं?" मग थांबा. ते काही बोलतील, किंवा बोलणार नाहीत, किंवा तुम्हाला शिवी देतील. जे येईल ते ऐकून घ्या आणि वाघाची बाजू मांडायला जाऊ नका. वरच्या पानांतली माझी एकही गोष्ट तिथे सांगू नका. ते रडले तर गोठ्यातून निघू नका. आणि त्यांनी विचारलेच की ती वाघीण तीच आहे का, तर खरे ते सांगा, की तुम्हाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या बाया मोहफुले वेचायला निघतील, तेव्हा त्यांच्यासोबत जा. एकट्यादुकट्याने नको, उजाडल्याशिवाय नको, सगळ्यांनी एकाच वेळी वाकून वेचू नये, एकाने उभे राहून चौफेर नजर ठेवावी, हे त्यांना वन विभागाच्या फलकावरूनही कळते. पण वाकून बसलेला माणूस वाघाला कसा दिसतो, आणि तो येतो तेव्हा मागून कसा येतो, हे त्यांच्या घरचाच, वाघ रोज पाहणारा मुलगा सांगेल, तेव्हा त्या ऐकतील. उभे राहण्याचे काम त्या दिवशी तुम्ही घ्या.